तांडेलाच्या पाठीचं माप

एकदा एक सधन व्यापारी पिंजाऱ्याच्या दुकानात गादी करवून घ्यायला आला आणि पाटावर टेकताच ढसाढसा रडू लागला. आता गादी घ्यायला आलेल्या माणसानं रडायचं काय कारण? भाव ऐकून डोळ्यांत पाणी येतं म्हणावं, तर भाव अजून निघालाच नव्हता. दुकानात वृद्ध उस्ताद होते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला त्यांचा शिष्य होता. शिष्य गोंधळून उस्तादांकडे पाहू लागला. उस्तादांनी पिंजणं थांबवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

शेठ पाणी प्याले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि बोलते झाले. "माझी एकुलती एक मुलगी, उस्ताद. गलबतानं येत होतो आम्ही. खाडीच्या तोंडाशी लाट आली आणि पोर पाण्यात गेली. मी बाप, पण नुसता ओरडत उभा राहिलो. तांडेलानं सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं आणि होता तसा उडी घेतली. पोर आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी हातातलं कडं काढून दिलं, घेतलं नाही. पायाशी वाकलो, तर मागे सरला. नुसते हात जोडले, तर माझे हात धरून खाली केले त्यानं! म्हणाला, 'नको शेठ. दर्यातून काढलेल्या जिवाचं आम्ही काही घेत नाही. आभारसुद्धा नाही.' आता सांगा, हे ओझं उरावर घेऊन मी जगू कसा?"

तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. वारा, पाणी आणि खलाशी, तिन्ही त्याच्या शब्दात. पण एवढ्या मोठ्या माणसाची निजायची जागा काय, तर गलबताच्या मागच्या अंगाला, वरच्या फळ्यांच्या तक्तपोशीखाली, एक फळी. डोक्याकडे रुंद, पायांकडे चिंचोळी, आणि एक कड गलबताच्या पोटासारखी बाकदार. तिच्यावर शिडाचं जुनं कापड घडी करून टाकलेलं. ती फळी शेठांनी पाहिली होती.

"तिथे अशी गादी बसवा," शेठ म्हणाले, "की राजानं हेवा करावा. माझ्या पलंगावर आहे तिच्याहून मऊ. आणि तांडेलाला मात्र विचारू नका हं! विचाराल तर नको म्हणेल. तो बाजारात गेला की गुपचूप अंथरून यायची."

उस्तादांनी मान हलवली आणि शिष्याकडे बोट केलं. "हे काम हा करील. आजवर माझ्या हाताखाली केलं, हे एकट्यानं करू दे. साधलं, तर कापूस पिंजायची धनुकली याची वेगळी."

शिष्याचं काळीज सुपाएवढं झालं. धनुकली वेगळी म्हणजे स्वतःचं दुकान, स्वतःचं नाव! तो बंदरावर गेला. सुतळीनं फळी मापली, बाक मापला, कोपरा मापला. एवढ्यानं समाधान होईना म्हणून शिडाचं ते जुनं कापडही आकारासाठी उचलून आणलं. मग सावरीचा कापूस असा पिंजला की फुंकर मारली तरी उडावा. रेशमी काठाची खोळ शिवली. गादी जागेवर बसवली तेव्हा बोटात अंगठी बसावी तशी बसली. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. शेठांनी ती हातानं दाबून पाहिली आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. तांडेल बाजारातून परतला, गादीकडे पाहत राहिला आणि एवढंच म्हणाला, "फार केलंत, शेठ." त्या दिवशी शेठ बऱ्याच काळानंतर पोटभर जेवले.

गलबत किनाऱ्याकिनाऱ्यानं एक फेरी करून आलं. शिष्याला राहवेना. आपलं कौतुक आपल्या कानांनी ऐकावं असं कोणाला वाटत नाही? तो बंदरावर गेला. पाहतो तर भर उन्हात, डोलकाठीच्या सावलीच्या पट्ट्यात, उघड्या फळ्यांवर तांडेल आडवा झाला होता. डोळे लाल, चेहरा उतरलेला.

"तांडेल! अहो, खाली एवढी गादी असताना इथे?"

तांडेल दचकून उठला. चोरी पकडल्यासारखा ओशाळला. "हळू बोल, बाबा. गादी लाख मोलाची आहे. खोट माझ्या पाठीत आहे. आत रुततो मी. गलबत डोललं की मीही लोळतो, टेकायला कुठे काही लागत नाही. आणि दुसरं असं, की आमचा कान फळीला लागलेला असतो. पाणी फळीला कसं घासतं त्यावरून वारा फिरला की कळतं. ते ऐकू येत राहिलं की झोप लागते. आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून काळजीनं जागा राहतो. होईल सवय. पण शेठांना सांगू नकोस, तुला तुझ्या आईची शपथ. फार प्रेमानं दिली रे त्यांनी."

"आणि परवा लांबच्या सफरीला निघताय ना?"

"निघायचं तर आहे," तांडेल म्हणाला आणि त्यानं जांभई दाबली.

 न झोपलेल्या तांडेलाच्या हाती सुकाणू, आणि त्याच्या भरवशावर सगळे खलाशी! त्यानं दुकानात येऊन उस्तादांच्या पायाशी सगळं ओतलं. उस्ताद रागावतील, निदान हसतील, असं त्याला वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, "शपथ शेठांना न सांगण्याची आहे ना? मग तू मोडली नाहीस. शिवण तपासायची आहे म्हणून गादी घेऊन ये."

गादी दुकानात आली आणि योग पाहा, दुसऱ्या सकाळी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! उंबऱ्यातच त्यांना दिसलं ते असं की उस्तादांनी कात्री घेतली आणि रेशमी काठाची ती गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला!" शेठ ओरडले. शिष्यानं तर डोळेच मिटून घेतले.

उस्तादांनी सावरीचा कापूस सगळा बाहेर काढला. कोपऱ्यात पडलेलं शिडाचं जुनं कापड जमिनीवर अंथरलं आणि आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसा त्यावरून तळहात फिरवला. खांद्याशी ते झिजलं होतं, कमरेशी दबून घट्ट झालं होतं, बाहेरच्या कडेला त्याची वळकटी झाली होती. त्याबरहुकूम उस्तादांनी काथ्याचा पातळ, कणखर थर घातला, वर देशी कापसाचा हात फिरवला, बाहेरच्या कडेला टेकायला घट्ट उंचवटा बांधला. वरची खोळ त्याच जुन्या शिडाची केली. आणि डोक्याची बाजू आली, तिथे काहीच भरलं नाही. नुसतं एकपदरी कापड ठेवून दाभण बाजूला केलं.

"डोक्याखाली काहीच नाही?" शेठांनी विचारलं. "ज्यानं माझी पोर वाचवली, त्याच्या डोक्याखाली फळी?"

"बसा शेठ," उस्ताद म्हणाले. "पहिली गादी सुरेख होती. पण ती तुमच्या पाठीला बसत होती. तांडेल तिच्यात एक रात्रही निजला नाही, आणि त्यानं तक्रारीचा शब्द तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही. देणारही नाही. तुमचा आनंद मोडू नये म्हणून तो जन्मभर जागेल. एकदा तुमच्या मुलीसाठी त्यानं पाण्यात उडी घेतली. आता तुमच्यासाठी रोज या कापसात बुडतोय."

शेठ खाली बसले. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला.

"उपकार फेडताना आपण बहुधा आपल्या मनावरचं ओझं उतरवत असतो," उस्ताद म्हणाले. "ते कुठे जातं? ज्यानं उपकार केला त्याच्याच पाठीखाली. कृतज्ञता खरी, पण तिचंही माप घ्यावं लागतं, आणि ते समोरच्याच्या अंगावरून. तांडेलाला विचारता येत नव्हतं, मान्य. पण हे कापड तर सगळं सांगत होतं." मग ते शिष्याकडे वळले. "बेटा, तुझं माप अचूक होतं. फळीचं होतं, एवढंच. तू बंदरावर कौतुक ऐकायला गेलास आणि खरं ऐकून आलास, ते माझ्यापासून लपवलं नाहीस. धनुकली तुझी."

शिष्यानं उस्तादांचे पाय धरले.  केलेली चूक कौतुकाखाली झाकून राहिली असती, तर आपण जन्मभर फळ्याच मापत राहिलो असतो, हे त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की तो आधी एवढंच विचारी, "सध्या कशावर निजता? ते आधी घेऊन या."

दुपारच्या भरतीला शेठ आणि शिष्य नवी गादी घेऊन गलबतावर गेले. तांडेल जुन्या शिडाची खोळ पाहून चमकला.  "बघतो जरा," म्हणून आडवा झाला, पाठ उंचवट्याला टेकवली आणि कान फळीला लावला. बाहेर पाणी चुळूकचुळूक करत होतं.

"कशी आहे?" शेठांनी आतुरतेनं विचारलं.

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारणार, तोच शिष्यानं ओठांवर बोट ठेवलं. तांडेल घोरू लागला होता.

 शेठांनी पायांतल्या वहाणा काढल्या, कमरेत वाकले आणि त्या झोपलेल्या माणसापुढे दोन्ही हात जोडले. या वेळी ते हात धरून खाली करायला तांडेल जागा नव्हता.