दोन गाठींची चिंच

मॉरिशस बेटाच्या दक्षिण अंगाला, उसाच्या मळ्यांमागे एक बुटका काळा डोंगर आहे. नकाशात त्याचं नाव काहीतरी फ्रेंच आहे, पण उत्तरेच्या पायथ्याला जी मराठी वस्ती आहे, तिथे त्याला आवडीचा डोंगर म्हणतात. माथ्यावर एक मोठा सपाट दगड आणि त्याच्या शेजारी धोंडे रचून केलेली समाधी. वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीनं चालता येत नाही. या वाटेवर नवरा-बायको असली की बायको पुढे आणि नवरा मागे, असा इथला रिवाज आहे. कोणी उलटं चालताना दिसलं की म्हातारी माणसं खालून ओरडतात, मग तो पाहुणा कितीही मोठा साहेब असो.

असं का, ते द्रौपदाआजींकडून ऐकावं. आजी नव्वदीला टेकल्या आहेत, त्यांच्या मराठीत अर्धी क्रिओल, म्हणजे बेटावरची बोली, मिसळलेली असते, आणि गोष्ट सांगताना कोणी मोबाइल काढलेला त्यांना खपत नाही. बेटावर नवीन राहायला आलेलं जोडपं दिसलं की त्या स्वतःच हाक मारून बसवून घेतात. त्यांच्या पणजीच्या डोळ्यांदेखत हे सगळं घडलं म्हणे.

गोष्ट आगबोटींच्याही आधीची. रत्नागिरीच्या अंगाची माणसं पाच वर्षांचा करार करून, शिडाच्या जहाजानं या बेटावर ऊस तोडायला येत, त्या काळातली. त्यांत धाकू आणि आवडी असं एक जोडपं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धाकू गावी वाटाड्या होता. कोकणातून घाटावर माल नेणारे लमाण त्याला पुढे घालून निघत. कितीही दाट रान असो, धाकूची वाट चुकली नाही, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्याला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. आपल्या मुलखापुरता त्याचा अभिमान खोटा नव्हता, हे आजी आवर्जून सांगतात. पण तो मुलूख मागे राहिला होता.

चैत्रात ती दोघं इथे उतरली. उसाच्या मळ्याला लागून मजुरांच्या झोपड्यांची रांग होती, तिथे त्यांना एक खोपट मिळालं. आठवडाभर काम, रविवारी सुट्टी. बाकीचे मजूर रविवारी झोपा काढत, ही दोघं मात्र भाकरी बांधून बाहेर पडत. करार संपला की आपलं घर कुठे बांधायचं, ती जागा त्यांना शोधायची होती. कधी ओढ्याच्या काठानं, कधी समुद्राकडे, असं एकेक रविवार करत त्यांनी बेटाचा तो कोपरा पालथा घातला. आवडीला प्रत्येक जागा आवडे. धाकू प्रत्येक जागेत खोट काढी.

याच दिवसांत आवडीला एक गोष्ट खटकू लागली. गावी ती धुणं घराच्या दक्षिण बाजूला वाळत घाली. इथेही तिनं तसंच केलं, तर लुगडी दिवसभर ओलीच राहत. मग तिनं दोरी उत्तरेच्या भिंतीला बांधली, तर दुपारपर्यंत कपडे खडखडीत.

"अवो, हितलं ऊन उरफाटं हाय," ती धाकूला म्हणाली.

"ऊन उरफाटं न्हाय गो, तुजं डोस्कं उरफाटं हाय," धाकू म्हणाला, आणि आख्ख्या रांगेला त्यानं ही गंमत सांगितली. बायका-पुरुष पोट धरून हसले. आवडीही हसली. दोरी मात्र तिनं उत्तरेलाच ठेवली.

खरं तर बरोबर तीच होती. आपल्या देशात वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दुपारी दक्षिणेला झुकलेला असतो आणि सावली उत्तरेला पडते. हे बेट पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात. इथे, त्यातून थंडीच्या दिवसांत, सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला जाते. वाटाड्याला हे कोण सांगणार? त्याची सारी विद्या त्या दुपारच्या सावलीवर उभी होती.

आषाढातल्या एका रविवारी दोघं डोंगर चढली. आपल्याकडे आषाढ म्हणजे झोडपणारा पाऊस, इथे म्हणजे बोचरी थंडी आणि धुकं. माथ्यावर तो सपाट दगड होता. आवडी त्यावर बसली आणि म्हणाली, "हितंच बांदू घर." यावेळी धाकूनंही खोट काढली नाही. पाणी जवळ आहे का एवढं बघून येतो म्हणाला. निघताना त्यानं तिला बजावलं, "धुकं आलं नि मी सापडलो न्हाय, तर भिऊ नको. दुपारी ऊन पडल तवा उभी ऱ्हा. सावली पडल तिकडं उत्तर. तिकडंच आपली झोपडी. सावली सोडू नको." तिच्याकडून त्यानं ते दोनदा म्हणून घेतलं.

धुकं आलंच. धाकूला ओढा सापडला, पण परतताना दगड काही सापडेना. हाका मारून त्याचा घसा बसला. शेवटी ओढ्याच्या पाण्याबरोबर तो घसरत, धडपडत उतरला आणि संध्याकाळी थेट मळ्यात निघाला. आवडी आली नव्हती. येईल, असं त्याला वाटलं. आपण सांगून ठेवलं आहे.

ती आली नाही. सोमवारी उजाडताच तो ओढ्याच्या त्याच वाटेनं वर गेला. दगड रिकामा होता. त्याला उलट हायसं वाटलं. म्हणजे ती निघाली, सावली धरून उत्तरेला गेली, आणि धुक्यात आपली वस्ती ओलांडून पुढे निघून गेली असणार. मग सोमवार आणि मंगळवार, असे दोन दिवस तो उत्तरेची गावं हिंडला. मजुरांवर नेमलेला सरदार कामावर ये म्हणून ओरडत राहिला, धाकूनं मागे पाहिलं नाही. भेटेल त्याला विचारायचा, हिरव्या लुगड्यातली बाई पाहिलीत का? कोणी पाहिली नव्हती.

बुधवारी दुपारी तो परत आला आणि खोपटाबाहेर मटकन बसला. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. समोर उत्तरेच्या भिंतीला आवडीचं दुसरं लुगडं अजून वाळत होतं आणि त्याच्यावर भरपूर ऊन पडलं होतं. धाकू बघत राहिला. मग उठून अंगणात उभा राहिला. त्याची सावली दक्षिणेला, डोंगराकडे पडली होती.

आजींची पणजी तेव्हा शेजारच्या खोपटात होती. माणूस असा ओरडलेला मी जन्मात ऐकला नाही, असं ती सांगायची म्हणे.

चार जणांना घेऊन तो धावत सुटला. यावेळी ओढा सोडून सरळ डोंगराच्या सोंडेनं चढला. वस्तीपासून दोन हाकांच्या अंतरावर एक चिंच होती. तिच्या खालच्या फांदीला हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांच्या दोन गाठी होत्या. थोडं वर आणखी एक झाड, त्यालाही दोन गाठी. त्याच्या वर आणखी एक. माथ्यावरच्या दगडापर्यंत सगळ्या झाडांना दोन-दोन, आणि दगडापासून पलीकडे, दक्षिणेला, एकेकच.

चौघांना काही उलगडा होईना. धाकूला झाला. आवडी त्याची वाट बघून बघून आपल्या मनानं निघाली होती आणि बरोबर निघाली होती. खूण म्हणून प्रत्येक झाडाला गाठ मारत ती चिंचेपर्यंत उतरली. तिथे दुपार झाली, धुकं फाटलं, ऊन पडलं. सावली वर, डोंगराकडे गेली. धुकं अजून खाली मळ्यावर असणार, नाहीतर तिला खोपटांची छपरं दिसली असती. तिथे ती उभी राहिली असेल. तिला तिची धुण्याची दोरी आठवली असेल, आणि सगळी रांग हसली होती तेही आठवलं असेल. मग नवऱ्यानं दोनदा म्हणून घेतलेलं तिनं खरं मानलं आणि ती माघारी वळली. परतताना प्रत्येक झाडाला तिनं दुसरी गाठ मारली.

दक्षिण उतारावर, जिथे डोंगर एकदम तुटतो, तिथे शेवटची गाठ होती. खाली दगडांत आवडी सापडली. तिच्या लुगड्याला पदर उरला नव्हता.

धाकूनं तिला कोणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं पाठीवर घेऊन तो माथ्यावर आला आणि तिनं घरासाठी निवडलेल्या जागी त्यानं तिला पुरलं. करार संपल्यावर तिथेच झोपडी बांधून राहिला. पाणी लांब, वारा सोसवेना, लोक खाली बोलवत, तो आला नाही. दुपार झाली की मात्र रोज चिंचेपर्यंत उतरायचा आणि डोंगराकडे तोंड करून हाक मारायचा. म्हातारा झाला, दिसेनासं झालं, तरी चाचपडत यायचा. लोकांनी आधी त्याला वेडा म्हटलं. पुढे पुढे त्याच्या हाकेला मळ्यात कोयते थांबू लागले.

आजही बेटावर संसार मांडायला नवं जोडपं आलं की वस्तीतली माणसं त्यांना एका रविवारी डोंगरावर नेतात. बायको पुढे, नवरा मागे. समाधीवर फुलं वाहून उतरताना दुपारी चिंचेपाशी थांबतात, आणि तिथे नवऱ्यानं डोंगराकडे तोंड करून धाकूची हाक मारायची असते: "आवडे, माघारी फिर गो. मी चुकलो."

शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं असतात. पहिल्यांदा लाजतात, हसतात, आवाज पुरता निघत नाही. चिंचेखाली येऊन थांबलेल्या आजी पुन्हा मारायला लावतात, नीट ऐकू जाईल अशी. दुसऱ्या हाकेला सहसा कोणी हसत नाही. मग आजी सगळ्यांना गप्प राहायला सांगतात आणि वाटेकडे बघत राहतात. वरून कोणी येत नाही. थोड्या वेळानं आजी काठी उचलतात, आणि सगळे घरी जातात.