आईंच्या समोरची खुर्ची

कोल्हापुरात नोकरीला आलेल्या शलाकाला डेटिंग ॲपवर भेटलेल्या मुलाने ऐन वेळी टांग दिली, मैत्रिणी आपापल्या संसारात. भुकेजलेली ती एकटीच इंगवलेंच्या खानावळीत शिरली.

गल्ल्यावरून मालक आबासाहेब गुरगुरले, "एकट्या बाईमाणसाला हॉलमध्ये बसवत नाही. बरं दिसत नाही."

"मग फॅमिली रूममध्ये बसते."

"एकटीची कसली फॅमिली? घरी जाऊन जेवा."

जेवणारे पुरुष टकमक बघू लागले. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच डोळ्यांना कोपऱ्यातलं टेबल दिसलं. भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याखाली वाढलेलं ताट.

"हे कुणाचं पान?"

"आमच्या आईचं. तिनंच खानावळ काढली. रोज पहिलं ताट तिला ठेवल्याशिवाय कुणाला वाढत नाही."

"म्हणजे एवढ्या पुरुषांत आई रोज एकट्याच जेवतात?"

शलाकाने आईंच्या समोरची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"बरं दिसत नसेल, तर आम्हा दोघींना फॅमिली रूममध्ये हलवा."

आबासाहेबांनी फोटोकडे बघितलं. मग स्वतः उठून गरम भाकरी घेऊन आले.

"इथंच जेवा, ताई. आईला आज सोबत झाली."