खुरप्याच्या गळ्यातली माळ

अवजारांना वाचा होती त्या काळची गोष्ट. पाऊस सरला आणि सदोबाच्या अंगणात गवत कमरेला लागलं. खंडेनवमीला त्यानं खुरपं धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि जाहीर केलं, "उद्या सगळं गवत काढतो, कोपऱ्यात मेथी लावतो!"

खुरपं फुगलं. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या खराट्याला म्हणालं, "ऐकलंस? उद्यापासून मीच!"

"माझ्या काड्या गळाल्या," खराटा फणकारला, "पण ह्याचा उद्या काही उजाडला नाही."

दुसऱ्या दिवशी सदोबा जेवला आणि 'बघू' म्हणत आडवा झाला. खुरपं माळेसकट अंगणातच राहिलं. माळ वाळली, पातं गंजलं.

वर्षानं पुन्हा खंडेनवमी आली. वाळक्या माळेतलं बी आपसूक रुजून गवतात झेंडू फुलला होता. सदोबानं तीच फुलं ओवली, खुरप्याच्या गंजावरच कुंकू लावलं आणि शेजाऱ्याला ऐकवलं, "बाग करायची म्हटलं की होतेच! उद्या मेथी लावतो."

खुरप्यानं हळूच विचारलं, "यंदा तरी लावेल का रे?"

"त्याचं कशाला विचारतोस? गेल्या वर्षीच्या माळेचं विचार," खराटा म्हणाला. "या अंगणात काम केलं ते तिनं एकटीनं, तेही मेल्यावर."