‘स्वच्छंद’ची दुरुस्ती

“…म्हणजे बोटीचा पंप बसवून झाला, की तू निघणार?” कातळबाबांनी विचारलं.

“पंप बसला की शिडाची कप्पी बघायची आहे,” विद्याधर पाटणकर म्हणाला. “मध्येच अडकते.”

“आणि कप्पी झाली की?”

“वरच्या झाकणातून पाणी गळतं. नेमकं अंथरुणावर.”

“ते थांबलं की?”

विद्याधर विचारात पडला. बाबांनी त्याला पडू दिलं…

“मग दुसरं काहीतरी निघेलच,” तो शेवटी म्हणाला.

खाडीच्या तोंडावर एक टेकडी आहे, तिथल्या कातळावर बाबांची झोपडी. समोर बसलेला विद्याधर पुण्याचा इंजिनियर. त्याने नोकरी सोडून शिडाची बोट घेतली, धरणाच्या पाण्यात काही रविवार ती हाकायला शिकला आणि बायकोला घेऊन थेट केरळच्या दिशेने निघाला. बोटीचं नाव ‘स्वच्छंद’.

पहिल्याच खाडीत ‘स्वच्छंद’ ओहोटीला वाळूत रुतली आणि कुशीवर कलंडली. सगळं गाव धक्क्यावर येऊन बसलं. कुणीतरी भजीसुद्धा आणली. भरती येईपर्यंत नवराबायको तिरप्या बोटीत तिरपे बसून राहिले.

ती दिवाळी होती. आता शिमगा जवळ आला होता आणि ‘स्वच्छंद’ धक्क्यालाच बांधलेली होती.

“बाबा, शैला चालली,” विद्याधर म्हणाला. “आज दुपारच्या एसटीने. बॅग भरून तयार आहे. म्हणते, मी समुद्र बघायला आले होते, दिवाळीपासून तुमची पाठ बघतेय.”

“पाठ?”

“मी कायम इंजिनात डोकं घालून वाकलेला असतो ना.”

बाबा खो खो हसले. विद्याधरला हसू आलं नाही. शैला गेली की बोट विकायची आणि फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसायचं, एवढंच त्याला पुढे दिसत होतं.

“तुमचं ती ऐकेल. तिला एवढं पटवा, की बोट अजून निघण्याजोगी नाही.”

“चल, बघू,” बाबा उठले.

सकाळचा वारा जमिनीकडून दर्याकडे वाहत होता. भरती संपून पाणी नुकतंच उतरू लागलं होतं. बोटीवर शैलाने बाबांच्या हातात चहाचा कप दिला.

“जपून बसा, बाबा. खाली स्क्रू पसरलेत. आमचा संसारच तेवढा.”

बाबा मागच्या बाजूला, कडेला टेकले. एकेका वस्तूकडे बोट दाखवू लागले.

“हे?”

“बिघडलंय.”

“ते?”

“चालतं. पण भरवसा नाही.”

“ते छोटं दार?”

“संडासाबद्दल न बोललेलं बरं,” शैला म्हणाली.

“आणि हा दोर?”

“तो धक्क्याला बांधलेला दोर,” विद्याधर म्हणाला. “त्याला काय धाड भरलीय? एक नंबर आहे.”

“म्हणजे बोटीवर एवढी एकच वस्तू चोख काम करते…”

असं म्हणून बाबांनी तो दोर सोडला.

मग त्यांनी शैलाकडे पाहिलं. शैलाने बाबांकडे पाहिलं. ती पुढे गेली आणि तिने पुढचा दोर सोडला.

विद्याधरला कळेपर्यंत धक्का लांब गेला होता.

“बाबा, उडी मारा! चार हात पोहलात की धक्का!”

“मारली असती,” बाबा चहाचा घोट घेत म्हणाले. “पण मला पोहता येत नाही.”

…

खरं सांगायचं तर विद्याधर घाबरलेला होता, दिवाळीपासून. ती भीती त्याने आजवर पंपाच्या नावावर खपवली होती. आता पंपाचं नाव घ्यायला सवड नव्हती. बोटीत एक साधू बसला होता आणि त्याला बुडवून पुन्हा या गावात तोंड दाखवणं शक्य नव्हतं.

त्याने शीड ओढलं. कप्पी अडकली. त्याने तिला बुक्की मारली. शीड वर गेलं, फडफडलं आणि भरलं.

“उजवीकडे!” शैला पुढे उभी राहून पाण्यात बघत ओरडली. “अजून! पुढे वाळू दिसतेय!”

त्याने सुकाणू लोटलं. धक्क्यावर माणसं धावत आली. या खेपेला भजी आणायला कुणाला वेळ मिळाला नाही.

बुडाखाली वाळू खरवडली… पुन्हा एकदा खरवडली…

आणि ती खरखर थांबली. ‘स्वच्छंद’ खाडीबाहेर पडली. पहिल्या लाटेने तिघांनाही भिजवलं. शैला मोठ्याने हसली. ते हसू विद्याधरने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. समोर नुसता समुद्र होता आणि तो चांगला दिसत होता.

मग त्याला बाबांची आठवण झाली.

“वळवतो हां, बाबा. तुम्हाला परत सोडायला हवं.”

“वळलात तर मी खरंच एसटी धरीन,” शैला म्हणाली.

“अगं, पण यांना पोहता येत नाही!”

बोट आता बाबांच्या टेकडीच्या पायथ्याजवळून चालली होती. तिथे वाळूची छोटीशी पुळण होती. बाबांनी कप नीट बाजूला ठेवला, छाटी खोचली आणि कडेवरून सरळ पाण्यात उडी घेतली.

…

डोकं वर आलं ते चांगलं दहा हातांवर. लांब लांब हात मारत बाबा किनाऱ्याकडे निघाले होते.

“बाबा!” विद्याधर सुकाणू धरून ओरडला. “पोहता येत नाही म्हणालात ना!”

बाबा आरामात पाठीवर उलटले.

“मग? तुझी बोट तरी कुठे निघण्याजोगी होती!”