बुधाजी बुरशी हटवतो

एका गावात एक भोळा बुधाजी होता. अंगाने दांडगा, मनाने साफ. मावशीच्या, द्वारकाबाईच्या रोपवाटिकेत तो राबायचा. त्या साली गावच्या बोडक्या टेकडीवर झाडं लावायची होती. रोपं पसंत पडली तर सरपंच सगळी मावशीकडूनच नेणार होते.

बुधाजीने चिंचेच्या कोवळ्या रोपांना दिवसातून चारदा पाणी पाजलं. रोपांनी माना टाकल्या.

“अरे, ओलीत बुरशी धरते. ऊन दाखवावं!” मावशी म्हणाली.

“बरं. यापुढे ऊन.”

मग मावशीने नव्या बियांना औषध चोळलं आणि त्या वाळत घालायला सांगितल्या. बुधाजीने त्या तापलेल्या पत्र्यावर पसरल्या. फुटाणे झाले.

“अरे, सावली बघावी!”

“बरं. यापुढे सावली.”

मग वाफ्यातली बुरशी मारायची होती. माती भिजवून, प्लॅस्टिकने झाकून उन्हात तापू द्यायची. बुधाजीने झाकली आणि वर झकास मांडव घातला. आठ दिवसांनी आत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. मावशीने कपाळाला हात लावला.

कशीबशी पाचशे रोपं जगली. मावशीचा सगळा जीव आता त्यांच्यात होता.

“नीट ऐक,” ती म्हणाली. “बुरशी दिसली की मला विचारत बसू नकोस. ते रोप रांगेतून उचल, कुंपणापलीकडे ने, जाळून टाक. शेजारच्या चार रोपांवर औषध फवार. दया दाखवलीस तर सगळी रांग जाईल!”

बुधाजीने महिनाभर अगदी तसंच केलं. एकदाही चुकला नाही. मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

सरपंच चार पंचांना घेऊन आले. मावशी चहा टाकायला आत गेली. पाचही जण वाफ्याशी रांगेत उभे राहिले.

“रोपं झकास आहेत!” मान खाजवत सरपंच म्हणाले.

“मानेला काय झालं?” बुधाजीने विचारलं.

“काही नाही रे. डॉक्टर म्हणतात, बुरशी आहे.”

“नक्की बुरशीच?”

“हो बाबा!”

मावशी चहा घेऊन बाहेर आली. चार पंच मोरचूद-चुन्याच्या औषधाने नखशिखांत निळे झाले होते. सरपंच कुंपणापलीकडे हातपाय झाडत होते आणि बुधाजीने त्यांना बखोटीला घट्ट धरलं होतं.

“मावशी, घाबरू नकोस,” बुधाजी ओरडला. “रांग वाचली! तेवढी काडेपेटी दे.”