बाभळीखालचा खोंड आणि चौथी निवड

"पण ओळखायचं कसं, आबा?"

बिरूआबांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.

"तिसऱ्यांदा विचारतोय मी," शार्दूल म्हणाला.

"म्याबी तिसऱ्यांदाच ऐकतोय," आबा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

बिरूआबा मोटे ऐंशी ओलांडलेले. माणदेशातल्या त्या टापूत खिलार खोंड घ्यायचा तर लोक आधी त्यांच्या अंगणात येऊन बसायचे. दावणीला शंभर जनावरं असोत, त्यातलं पुढे नाव काढणारं कोणतं ते आबांना कळायचं. कसं कळायचं, ते मात्र वीस वर्षं त्यांच्या मागे फिरणाऱ्या खंडू कोळेकरालाही सांगता येत नसे.

शार्दूल वैशंपायन पुण्याहून आला होता. बैल त्याने लांबूनच पाहिलेले. त्याला आलेली अडचण वेगळीच होती, आणि ऑफिसातल्या वर्षा मोटेने ती ऐकून, थोड्या वैतागानेच, "माझ्या आजोबांना विचार," असं म्हटलं होतं.

"पुन्हा सांगा पावनं," आबा म्हणाले. "तुमी नेमकं करता काय?"

"अमेरिकेत फुटबॉलचे संघ असतात. दर वर्षी ते कॉलेजातले खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कोणता संघ कोणाला घेणार, हे मी तिकडच्या एका वेबसाइटवरच्या सदरात आधी लिहितो. माझा संघ बायसन्स. एक संघ सात जण घेतो, म्हणून सात नावं सांगायची असतात."

"फुटबॉल म्हंजी पायानं खेळायचा."

"हा हातात धरून पळतात."

"मग फुटबॉल का म्हनत्यात?"

शार्दूल सहा वर्षं या धंद्यात होता. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"आन् पैलं कोन निवडतो? जिंकलेला?"

"नाही. जो सगळ्यांत जास्त हरला, तो."

आबांनी बशी खाली ठेवली.

"हरल्याला आदी?"

"हो."

"चांगली मानसं हायेत," आबा म्हणाले. "मग तुमचं बायसन पैलं असंल."

"चौथं. त्यांच्यापेक्षा वाईट तीन निघाले."

"म्हंजी हरायलाबी नीट येईना."

शार्दूलला ते लागलं. बायसन्सवर त्याचा जीव होता. गुडघाभर बर्फात उभं राहून अकरा वर्षं पराभव बघणारी त्यांची माणसं त्याने पडद्यावर पाहिली होती, आणि का कोण जाणे, ती त्याला आपली वाटायची.

"आजवर किती बराबर आली तुमची?" खंडूने विचारलं.

"बेचाळीसातली तीन."

तिसरं नाव बरोबर आलं होतं, पण माणूस त्याच नावाचा दुसराच निघाला होता. हे त्याने सांगितलं नाही. इतर जाणकारांची दोन-दोनच आली होती. त्या हिशेबाने शार्दूल स्वतःला पुष्कळ मोठा समजत असे, आणि अमेरिकेतल्या संपादकाने "यंदा पहिलं नाव चुकलं तर सदर बंद" असं कळवलं, तेव्हा त्याला राग आला होता तो आपल्यावर नव्हे, बायसन्सवर. ते चुकीचे खेळाडू निवडतात, असं त्याचं ठाम मत होतं.

"आमच्याकडे सगळी मापं असतात, आबा. उंची, वजन, पळण्याचा वेळ, उडी. हाताचा पंजासुद्धा मोजतात."

"दात बगत्यात?"

"दात नाही बघत."

आबांनी खंडूकडे पाहिलं. खंडूने मान हलवली, आजारी माणसाच्या घरून निघताना हलवतात तशी.

"उद्या बाजार हाय," आबा म्हणाले. "खंडूला खोंड घ्यायचाय. चला."

खंडूच्या जोडीतला एक बैल दिवाळीत गेला होता. मागे राहिलेल्याला जोड मिळेना. चार बाजार झाले, आबा रिकाम्या हाताने परतले होते. नांगरट तोंडावर आली होती.

सकाळी बाजारात शिरतानाच शार्दूल म्हणाला, "आबा, तुम्ही कोणता घेणार ते मी आधी सांगेन."

"सांगा की."

"चालेल ना?"

आबा काठी टेकत पुढे गेले.

शार्दूलने रीतसर काम केलं. मालकांच्या शिव्या खात एकतीस खोंड टेपने मोजले. आबा कोणापाशी किती वेळ थांबतात, कोणाच्या पाठीवरून हात फिरवतात, कोणाचा जबडा उघडतात, सगळं मोबाइलवर टिपलं. दुपारपर्यंत तक्ता तयार झाला. पांढराशुभ्र, शिंगं कमानदार, असा एक खोंड सगळ्यांच्या वर होता. आबा त्याच्यापाशी नऊ मिनिटं उभे होते. एकदा तर त्यांनी हळहळून सुस्काराही सोडला होता.

"हा पांढरा," त्याने खंडूला तक्ता दाखवला. "नक्की."

खंडू भाकरी खात होता. "त्याला आबांनी हात लावला?"

"दोनदा."

"मग त्यो न्हवं," खंडू म्हणाला आणि कांदा फोडला.

"म्हणजे?"

"आबांनी हात लावला की मालक फुगतोय, दाम वाढवतोय. आबांस्नी ठावं न्हाय व्हय त्ये?"

शार्दूलने तक्ता उलटा वाचायला घेतला. एकतीस खोंड. आबा तीस खोंडांपाशी थांबले होते. एकतिसावा बाजाराच्या कडेला बाभळीखाली बांधला होता. मातकट रंगाचा, एक कान फाटलेला, शेणाने बरबटलेला. आबा त्याच्यासमोरून चार वेळा गेले होते, आणि चारही वेळा आभाळाकडे बघत.

आभाळात काहीसुद्धा नव्हतं.

शार्दूलच्या अंगावर काटा आला. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याला कळलं होतं. अंदाज वगैरे नाही, चक्क कळलं होतं.

आबा पार दुसऱ्या टोकाला होते. तो जनावरांतून धावत सुटला.

"आबा! सापडला! तो बाभळीखालचा! तोच घेणार तुम्ही!"

बाजारभर आवाज पोचला.

सगळ्या माना बाभळीकडे वळल्या. खोंडाचा मालक सावलीत तंबाखू मळत बसला होता. तो उठला. आपल्या खोंडाकडे त्याने असं पाहिलं, जसं काही आज पहिल्यांदाच बघतोय. हाताने त्याच्या पाठीवरचं शेण पुसलं. मग कासरा सोडला.

"इकायचा न्हाय," तो म्हणाला, आणि खोंड घेऊन घरच्या वाटेला लागला.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"बराबर," ते म्हणाले. "तुमी अगदी बराबर वळखलंसा."

शार्दूलचा ऊर भरून आला. हे वाक्य त्याला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. आनंदाने तो खंडूकडे वळला.

खंडू खाली मातीत बसला होता. डोक्याचा पटका सोडून तो पुन्हा बांधत होता. सावकाश, एकेक पदर, जणू त्याशिवाय आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

परतताना टेम्पोचा मागचा हौदा रिकामा होता. तिघे पुढे दाटीने बसले होते. एस. टी. स्टँड आल्यावर शार्दूल उतरला.

"चुकलं माझं, आबा."

"न्हाय. बराबर आलं म्हनलं की."

"मग मला शिकवा."

"आता काय शिकवू? वळखायला तर आलं तुमास्नी."

टेम्पो निघून गेला.

पुण्यात आल्यावर शार्दूलने आपले तक्ते उघडले आणि बाजूला ठेवले. आता तो बायसन्सच्या व्यवस्थापकाचं बोलणं ऐकू लागला. व्यवस्थापक म्हणजे खेळाडू निवडणारा मुख्य माणूस. तो रोज एखाद्या पोराचं तोंड भरून कौतुक करत होता. एकाला जेवायला नेलं, दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, तिसऱ्याच्या गावाला जाऊन आला. शार्दूल एकेकाचं नाव खोडत गेला.

मग एका वार्ताहराने वेंडेल क्रॉसबद्दल विचारलं. क्रॉस हा कुठल्याशा आडगावच्या कॉलेजातला उंच, अवघडलेला पोरगा. व्यवस्थापकाने छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "यंदा थंडी लांबली, नाही?"

शार्दूल खुर्चीतून उठला.

त्याने पुन्हा पाहिलं. छत. थंडी. पुन्हा पाहिलं. आता त्यात शंका नव्हती.

सदर पाठवायची वेळ आली. पहिल्या नावाची जागा रिकामी होती. 'वें' एवढं टाइप झालं होतं. हे नाव कोणाच्याच यादीत नव्हतं. ते बरोबर आलं असतं तर संपादकाने स्वतः फोन केला असता, सदर राहिलं असतं, पगारवाढही मिळाली असती.

पण बायसन्स चौथे होते. त्यांच्या आधी तीन संघ निवडणार होते. त्या तिघांपैकी कोणी पुण्यातल्या शार्दूल वैशंपायनाचं सदर वाचत असेल, याला कसलाही पुरावा नव्हता. सदराला मागच्या वर्षी एकूण चार प्रतिक्रिया आल्या होत्या, त्यातल्या दोन वर्षाच्या. तरी शार्दूलला वाटलं, कोणी वाचलंच आणि क्रॉसला आधीच उचललं तर?

त्याला बर्फात उभी असलेली ती माणसं दिसली. मग मातीत बसून पटका बांधणारा खंडू दिसला.

त्याने 'वें' खोडलं. सगळे जण ज्याचं नाव लिहीत होते त्याचंच लिहिलं आणि सदर पाठवून दिलं.

ड्राफ्ट झाला तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची सकाळ होती. ऑफिसात वर्षा आणि तो, दोघंच वेळेत आले होते. पडद्यावर बायसन्सचा व्यवस्थापक व्यासपीठावर आला. त्याने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"वेंडेल क्रॉस."

शार्दूलने किंकाळी फोडली. टेबलावरचा चहा कीबोर्डवर सांडला. तो वर्षाचा हात धरून नाचू लागला.

"अरे, पण तू दुसरंच लिहिलं होतंस!"

"हो!"

"मग चुकलं ना?"

"चुकलं!"

"मग नाचतोयस कशाला?"

शार्दूलने तिला आणखी एक गिरकी दिली.

सोमवारी सदर बंद झाल्याचं पत्र आलं. त्याला गोल्फच्या सामन्यांची वेळापत्रकं तयार करण्याच्या कामावर लावण्यात आलं. पत्र घडी करून त्याने खिशात घातलं आणि दुपारची एस. टी. पकडली.

अंगणात आबा घोंगडीवर बसून वाखाचं दावं वळत होते. खंडू औताचं जू दुरुस्त करत होता. त्याला पुढच्या बाजारात दुसरा खोंड मिळाला होता, जोडीला जरा ठेंगणा. औत एका बाजूला कलून चालायचं, पण चालायचं. शार्दूलला पाहून खंडूने आधी इकडेतिकडे बघितलं, विकाऊ जनावर जवळपास नाही याची खात्री केली, आणि मग हसला.

"आबा!" शार्दूल फाटकातूनच ओरडला. "बरोबर आलं! मला आधीच कळलं होतं!"

आबांनी हातातला पीळ सुटू दिला नाही.

"कुनाला सांगितलं व्हतंस?"

"कोणालाच नाही."

"मग मिळालं काय?"

"काही नाही. होतं ते सदरही गेलं."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत... मग घोंगडीवर थोडे सरकले आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हात थोपटला.

शार्दूल चपला काढून बसला. त्याच्या पोटात आनंद मावत नव्हता.

"पण मला माहीत होतं, आबा! बायसन्सला सोडून जगात फक्त मला! चौथ्या नंबरला तोच—"

"हळू," आबा म्हणाले. "बायसनच्या आदीचं तीन संघ अजून जागं असतील."