हातोहात गेलेला चेंडू

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे हिवरमाळच्या तलावात पाण्याऐवजी माणसं उभी होती तेव्हाची ही गोष्ट. त्या साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, मोटा अडगळीत गेल्या, कावळेसुद्धा गाव सोडून पाहुण्यांकडे गेले, असं म्हणतात. मग सरकारनं तलाव खोदायचं काम काढलं आणि सगळा गाव त्या कामावर लागला. पुरुष कुदळ मारत आणि बायका ओळ धरून उभ्या राहत. मातीचं घमेलं खालच्या बाईनं वरच्या बाईला द्यायचं, तिनं तिच्या वरच्या बाईला, असं करत ते बांधावर पोचायचं. ओळीचा नियम एकच होता, मधला हात चुकवायचा नाही. घाईघाईनं कुणी एकीला वगळून घमेलं पुढं फेकलं, की ते कुणाच्या तरी पायावर पडायचं.

या ओळीत धुरपा होती. वय एकोणीस. लग्न झालेलं, पण नवऱ्यानं नांदवलं नव्हतं; त्यानं दुसरी केली आणि हिला आईकडे आणून सोडलं. गावात तिला कुणी वाईट बोलत नसे, फक्त हळदीकुंकवाला बोलवायचं विसरत. मुद्दाम विसरत की खरंच, हे धुरपानं कधी विचारलं नाही. ओळीत मात्र तिला विसरून चालायचं नाही, कारण तिच्या हातातून गेल्याशिवाय घमेलं वर जायचंच नाही. म्हणून तिला ते काम आवडायचं. दुष्काळी काम आवडणारी बाई अख्ख्या पंचक्रोशीत ही एकटीच असेल.

कामावर मुकादम होते भैरू हवालदार. पलटणीतून पेन्शनीत आलेले. पलटणीत ते बास्केटबॉल खेळायचे, आणि येताना त्यांनी ट्रंकेतून एक चेंडू आणला होता. दुपारी भाकरी खाऊन लोक सावलीला आडवे व्हायचे, ते हवालदारांना बघवायचं नाही. एक दिवस त्यांनी जुन्या मोटेचं लोखंडी कडं काढलं, वाळलेल्या हिवराच्या खोडाला उंचावर आडवं ठोकलं आणि माणसांना खेळायला हाक मारली. पुरुषांनी नाकं मुरडली, म्हणून बायका पुढं झाल्या. पाच इकडे, पाच तिकडे.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. एकीनं चेंडू घेतला आणि सरळ कड्यात टाकला. हवालदार टाळ्या वाजवायला लागले, पण तिच्या बाजूच्या चौघी तिच्यावर धावून गेल्या.

"आन आमी काय नुसतं बगत ऱ्हायचं व्हय गं?"

"अगं, खेळ असाच असतो. पलटणीत आम्ही असाच खेळायचो," हवालदार म्हणाले.

"पलटणीत आसंल, हवालदार," धुरपा म्हणाली. "हितं वळीतला हात चुकवायचा न्हाय."

हवालदार तोफेपुढं हटले नव्हते म्हणतात, पण त्या दहा जणींपुढं हटले. त्या दिवसापासून हिवरमाळचा नियम ठरला, की बाजूच्या पाचही जणींच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय तो कड्यात टाकायचा नाही. बायकांना वाटलं, जगभर हा खेळ असाच खेळतात. त्यांना खरं सांगायच्या फंदात हवालदार पुन्हा पडले नाहीत.

तलाव खोल होत गेला आणि धुरपाचा हात बसत गेला. असं म्हणतात, तिनं टाकलेला चेंडू कड्यात शिरायच्या आधी वरच्या वर थांबायचा, आणि तेवढ्यात बांधावरचा गुराखी पटका सोडून पुन्हा बांधून घ्यायचा. असं म्हणतात, ती डोळे मिटून पावलांच्या आवाजावरून सांगायची की कुठली बाई कुठं उभी आहे. जोडे शिवणाऱ्या लिंबाजीनं तो चेंडू इतक्यांदा शिवला, की शेवटी पलटणीचं कातडं त्यात टिकलीएवढंही उरलं नाही. सगळा चेंडू हिवरमाळचाच झाला.

पुढं हवालदारांनी पाच जणींना तालुक्याच्या सामन्यांना नेलं. कासोटे घातलेल्या, अनवाणी बायका मैदानात उतरल्या तेव्हा लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत तेच लोक पोरांना खांद्यावर घेऊन त्यांना दाखवत होते. त्या गर्दीत दाभाडेसाहेब होते. शहरातल्या एका मोठ्या कारखान्याचा बायकांचा संघ ते घडवत होते, आणि त्या संघात खेळणारीला कारखाना पगार देत असे. दुसऱ्या दिवशी साहेब धुरपाच्या दारात हजर.

"चेंडू खेळायचा पगार?" धुरपाच्या आईनं विचारलं. "आन मग काम कवा करायचं?"

"मावशी, खेळणं हेच काम."

"आसं व्हय. मग आमचं पाटील बी पगारावरच हायेत म्हनायचं. दिसभर पत्तंच खेळत्यात."

साहेब हसले, पण आई हसली नाही. तिनं लेकीकडे बघितलं. "जा बाई," ती म्हणाली. "हितं तुला कोन हाक मारतंय?"

धुरपा शहरात गेली. अर्ध्या चड्डीला ती तयार नव्हती, साहेब लुगड्याला तयार नव्हते. शेवटी सलवारीवर तडजोड झाली. बूट मात्र तिला महिनाभर चावले. पहिल्या सरावाला ती चेंडू घेऊन रिंगखाली पोचली, पुढं अडवायला कुणी नाही, आणि ही आपली मान वळवून मागं बघत उभी.

"टाक! टाक की!" दाभाडे ओरडले.

"कुसुम ऱ्हायलीय की अजून."

साहेबांनी कपाळावर हात मारला. नियम तसा नाही, हे त्यांनी तिला त्या दिवशी समजावलं. तिला ते समजलं, पण पटलं नाही.

ही कुसुम म्हणजे संघातली पाचवी. पळायला वाऱ्यासारखी, पण सामन्यात भीतीनं तिच्या हातांना घाम सुटायचा आणि चेंडू निसटायचा. म्हणून तिला कुणी चेंडू द्यायचंच नाही. घरी आई आणि तीन धाकटी भावंडं, आणि सगळे हिच्या या नोकरीवर. वर्षाच्या शेवटी साहेब सामन्यांचे कागद काढून बसत, आणि जिनं कमी चेंडू खेळले तिला घरचा रस्ता दाखवत. कुसुमला ते ठाऊक होतं, आणि धुरपालाही. धुरपानं तिला शब्द दिला होता. "माज्या हातात चेंडू आला की तो तुज्याकडं येनारच. तू फकस्त हात पुसून उबी ऱ्हा." आणि वर्षभर तिनं तो शब्द पाळला. दहा वेळा दिलेला चेंडू कुसुमच्या हातून चार वेळा निसटे, मग तीन वेळा, मग दोन वेळा.

मग वर्षाचा शेवटचा मोठा सामना आला. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. शेवटची घटका, कारखान्याचा संघ एका गुणानं मागं, आणि चेंडू धुरपाच्या हातात. तिघींच्या हाताला तो लागून आला होता. डावीकडे कुसुम एकटी उभी होती, दोन्ही हात पुढं करून. हात तिनं पुसलेले होते, हे धुरपाला दिसलं. आणि त्याच वेळी चारही बाजूंनी लोक ओरडत होते, "धुरपा! धुरपा!" जिला हळदीकुंकवाला बोलवायचं विसरत, तिच्या नावानं हजारो माणसं हाका मारत होती. तिला तो आवाज गोड लागला. तिनं वर बघितलं आणि चेंडू टाकला.

असं म्हणतात, तो चेंडू त्या दिवशी वर थांबला नाही. सरळ गेला आणि पडला. सामना जिंकला, हार पडले, फोटो निघाले. टाळ्या कुसुमनंही वाजवल्या. मग धुरपाच्या बुटाची नाडी सोडवायला ती खाली बसली आणि वर न बघता म्हणाली, "मी राहिले गं." त्यात राग नव्हता. राग असता तर धुरपाला सोसला असता.

आठ दिवसांत कुसुमला कामावरून काढलं. धुरपा साहेबांकडे गेली. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी वर्षाचे कागद तिच्यापुढं ठेवले. "तिच्या नावापुढं एक चेंडू कमी पडतोय, मी काय करू? आणि तू बरोबरच केलंस. दिला असतास तर तिच्या हातून पडला असता."

"पडला आसता तर पडला आसता," धुरपा म्हणाली, आणि बाहेर आली. नवऱ्याचा आला नव्हता इतका राग तिला त्या दिवशी स्वतःचा आला. वगळल्यावर कसं वाटतं हे जिला पुरतं ठाऊक, तिनंच दुसरीला वगळलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही, असं म्हणतात.

नव्या वर्षाचा पहिला सामना सुरू झाला. चेंडू धुरपाच्या हातात आला आणि ती मैदानाच्या मध्यावर फतकल मारून बसली. "कुसुम ऱ्हायलीय," ती म्हणाली. "तिच्या हाताला लागल्याबिगर ह्यो चेंडू कड्यात जायचा न्हाय." शिट्टी वाजली. नियमाप्रमाणे चेंडू समोरच्या संघाला मिळाला. त्यांच्या कप्तानीणबाईंनी तो घेतला, बसलेल्या धुरपाकडे बघितलं, आपल्या बाजूच्या पाचवीकडे बघितलं, आणि चेंडू कड्याकडे न नेता कडेला बसलेल्या पहिल्या माणसाच्या हातात दिला.

"कुणाला द्यायचा?" त्यानं विचारलं.

"कुसुमला."

त्यानं मागच्याला दिला, मागच्यानं त्याच्या मागच्याला. चेंडू पायऱ्या चढून वर गेला, फाटकातून बाहेर पडला, केळेवाल्याच्या हातून टांगेवाल्याकडे गेला, टांगेवाल्यानं तो चौकातल्या पोलिसाला दिला, पोलिसानं गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून बाहेर आलेल्या न्हाव्याला दिला. सगळं शहर ओळ धरून उभं राहिलं, असं म्हणतात. कुसुम तेव्हा सार्वजनिक नळावर पाणी भरत होती. तिनं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि चेंडू घेतला. तो निसटला नाही.

आता शहरातली माणसं म्हणतात, असलं काही झालं नाही. धुरपा चेंडू काखोटीला मारून मैदानातून उठली, भर उन्हात कुसुमच्या घरापर्यंत चालत गेली, आणि साहेबांनी तिला महिनाभर घरी बसवलं, एवढंच. असेल बुवा. दोन्ही गोष्टींत चेंडू कुसुमपर्यंत पोचतो, आणि दोन्ही गोष्टींत संघातल्या बाकीच्या जुन्या तिघीही मैदानात बसून राहिल्यावर साहेबांना कुसुमला परत घ्यावं लागतं. आम्हाला तेवढं पुरतं.

त्यानंतर धुरपा नऊ वर्षं पगारावर खेळली आणि तिचं नाव दूरदूर गेलं. जिंकलेले सामने आम्ही सांगतो. हरलेलेही पुष्कळ आहेत, ते सांगत नाही. पण पाचव्या हाताला लागल्याशिवाय तिनं चेंडू टाकला नाही. त्या मोठ्या सामन्याचं विचारलं तर म्हणायची, "त्यो आमी जिंकल्याला न्हाय."

पुढं ती गावी परतली, म्हातारी झाली आणि तलाव काठोकाठ भरलेला बघून गेली. तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला हिवरमाळची माणसं तलावापासून शेवटच्या घरापर्यंत ओळ धरतात, आणि पाण्यानं भरलेली घागर तिच्या नावानं हातोहात जाते. तान्ह्या पोराचा हात धरून घागरीला लावतात. अंथरुणावरच्याला बाजेसकट आणतात. मग सगळ्यात म्हातारं माणूस बांधावर चढून ओरडतं, "कोन ऱ्हायलं का?" आणि सगळे थांबतात. उत्तर आलं नाही तरी बराच वेळ थांबतात, आणि त्यानंतरच जेवायला बसतात.

एका साली उत्तर आलं. तलावाच्या पलीकडून परगावचा एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. "मी ऱ्हायलो की!" तो ओरडला. चेष्टेनंच ओरडला असेल. पण इकडे कुणी हसलं नाही. ओळ मोडली आणि तलावाला वळसा घालून पुन्हा धरली, लहानथोर सगळे तिकडे सरकले. पुरणपोळ्या गार झाल्या आणि कुरकुर केली ती फक्त पाटलांनी, तीही हळू आवाजात. घागर धनगरापर्यंत पोचली तेव्हा त्याचं हसू मावळलं होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि आता पुढं कुणाला द्यायची म्हणून मागं वळून बघितलं. मागं कुणीच माणूस नव्हतं. मग त्यानं खाली बसून ती सगळ्यात धाकट्या मेंढीच्या तोंडाला लावली.

तेव्हापासून हिवरमाळात ओळीत मेंढरंही धरतात.